‘टिक’ म्हणजे खूण की गोचीड?

प्रश्न आला तो असा. माझी एक जुनी विद्यार्थिनी यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्याच गावात पशुसखी म्हणून, म्हणजे गावातल्या जनावरांच्या आरोग्याकडे बघणारी म्हणून, काम करते. गावात जनावरांची तपासणी झाली तेव्हा तिच्या हाती इंग्रजीत छापलेला तक्ता आला. मालकाचं नाव, जनावर, वय, लस, आणि अगदी शेवटी एक अरुंद रकाना: ‘टिक्स’. तिनं ४३ च्या ४३ ढोरांपुढे बरोबरची खूण करून कागद पाठवून दिला. चार दिवसांनी वरून विचारणा झाली आणि मग मला फोन.

“सर, तिथं टिक्स लिवलं होतं. मले वाटलं टिक करा म्हनते. म्या सगळ्यायच ढोरायले टिक करून टाकली. आता सायब म्हन्ते, तुमच्या गावात एकबी ढोर बिनागोचिडाचं नाही का?”

हसून झाल्यावर तिनं खरा प्रश्न विचारला. घड्याळाची टिकटिक, वहीतली टिक आणि ढोराच्या कानातला गोचीड, हे सगळं इंग्रजीत एकच कसं? एकाच आवाजातून निघालं का? फोनवर मी ‘नाही’ एवढंच म्हणालो आणि बाकीचं लिहून पाठवतो असं कबूल केलं. ३३ वर्षं खेड्यातल्या शाळांत इंग्रजी शिकवलं, त्यातली निम्मी असल्याच प्रश्नांत गेली. तेव्हा पोरी, हे घे उत्तर. लांब झालंय, गोठ्यातली कामं आटोपल्यावर वाच.

पहिली गोष्ट म्हणजे ‘टिक’ हा इंग्रजीतला एक शब्द नाहीच. स्पेलिंग एक, उच्चार एक, पण शब्द निदान चार. आपल्याकडे एका गावात चार गजानन असतात. चौकात हाक मारली की चौघंही वळून बघतात, म्हणून काही चौघांचा बाप एक होत नाही. या चौघांतला एकच आवाजाच्या घरचा आहे. दुसरा उधारीचा, तिसरा गादीचा आणि चौथा तुझ्या रकान्यातला.

आवाजाचा आधी घेऊ, कारण त्याचाच पसारा मोठा. गंमत अशी की हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ आवाज नव्हताच. पंधराव्या शतकाच्या सुमाराच्या इंग्रजीत ‘टेक’ म्हणजे हलका स्पर्श, बोटानं नुसतं लावल्यासारखं. शेजारच्या डच भाषेत आजही ‘टिक’ म्हणजे हलकी थाप. (आपल्या ‘टेकणे’ची आठवण आली असेल. येऊ दे, पण सोयरीक जुळवू नकोस.) इंग्लंडच्या काही भागांत पोरं शिवाशिवी खेळतात त्या खेळाला ‘टिक’ किंवा ‘टिग’ म्हणतात. ज्याला शिवलं, त्याला टिक केलं.

स्पर्शाचा आवाज कसा झाला, हे समजायला इंग्लंडला जायची गरज नाही. आपली ‘टिचकी’ बघ. टिचकी ही क्रिया की आवाज? कॅरमच्या सोंगटीला मारतो ती क्रिया, आणि तेव्हा ऐकू येतो तो आवाज. दोन्ही एकाच क्षणी होतात, त्यामुळे एकाच शब्दात राहतात. ‘टकटक’ म्हणजे दारावर बोट मारणं आणि त्याचा नाद, दोन्ही. शाळेत आपण याला अनुकरणवाचक शब्द म्हणून दोन गुणांपुरते पाठ करतो आणि सोडून देतो. खरं तर भाषेचा हा भाग फार जिवंत असतो. माझ्या मते व्याकरणाच्या तासाला सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा, पण माझं मत अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना कुणी विचारलं नाही.

मग आलं घड्याळ. डचांच्या देशातल्या हायगेन्स या शास्त्रज्ञानं १६५६ साली लोलकाचं घड्याळ बनवलं. लोलक हलतो तसा आत दातेरी चाकाचा एक दाता एका पट्टीला आपटतो, मग पुढचा दाता दुसऱ्या बाजूच्या पट्टीला. दर वेळी धातूला धातू अगदी जरासा शिवतो. म्हणजे तोच जुना हलका स्पर्श, पण आता न थांबता, रात्रंदिवस. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात घड्याळाच्या आवाजाला इंग्रजीत ‘टिक’ म्हणू लागले. शब्द आयता तयार होता, त्याला नवं बिऱ्हाड मिळालं.

आता घड्याळ काय बोलतं ते सांग. मराठीत ‘टिकटिक’, इंग्रजीत ‘टिक-टॉक’. २०२० च्या जूनमध्ये बंदी आलेलं ते ॲप तुमच्या पिढीला माहीत आहे, त्याचं नाव या आवाजावरूनच. पण घड्याळ मराठीत एक आणि इंग्रजीत दुसरं बोलत नाही. इंग्रज कान दोन सारख्या ठोक्यांत पहिला बारीक आणि दुसरा भरीव ऐकतो, कारण त्यांच्या भाषेला ती जोडी आवडते. डिंग-डाँग, झिग-झॅग: आधी नेहमी ‘इ’, मग तोंड उघडायचं. उलटं कुणी म्हणत नाही.

आणि तो ‘इ’ उगाच नाही. याची परीक्षा मी वर्गात पोळ्याच्या आसपास घ्यायचो. बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळेचा आवाज कसा? पोट्टे म्हणायचे, किणकिण. देवळातल्या घंटेचा? घणघण. पाऊस बारीक असला तर? झिमझिम. जोराचा असला तर? झमझम. गळक्या नळाचा थेंब टिपटिप, पत्र्यावर मोठा थेंब पडला तर टपटप. मग मी विचारायचो, हे कुणी शिकवलं तुम्हाला? कुणीच नाही. लहान, बारीक, हलकं काही असलं की आपली जीभ आपोआप वर जाते आणि तोंडाची फट लहान होते. इंग्रजांचंही तेच. त्यांच्यात ‘ड्रिप’ बारीक, ‘ड्रॉप’ मोठा. ‘चिप’ म्हणजे कपचा, ‘चॉप’ म्हणजे घाव. म्हणून हलक्या स्पर्शाला ‘टिक’, ‘टॉक’ नाही. एकदा एका पोरानं हात वर करून विचारलं, “सर, मंग हत्ती टिकटिक चालला तं चालते का?” वर्ग हसला. पण त्या पोराला नियम कळला होता, बाकीच्यांना तो पाठ करायचा होता.

याच घराण्यातली पुढची पिढी म्हणजे तुझी वहीतली खूण. लेखणीचं टोक कागदाला हलकंच लावून उचललं की उमटते ती टिक. हा अर्थ एकोणिसाव्या शतकातला, म्हणजे घड्याळाच्या टिकहून बराच धाकटा. जमाखर्च तपासणारे कारकून यादीतल्या एकेका नावापुढे लेखणी टेकवत जायचे. पुढे ती मास्तरांच्या हाती आली आणि लाल झाली. ती ‘बरोबर’चीच खूण असते असं मात्र समजू नकोस. स्वीडन, फिनलंडकडच्या शाळेत मास्तर तीच खूण चुकलेल्या उत्तरापुढे करतात. तिकडून कुणी आपल्या दहावीचे पेपर तपासायला आलं तर अनर्थ होईल.

अमेरिकेत या खुणेला टिक म्हणत नाहीत, ‘चेक’ म्हणतात. त्या शब्दाची वाट तुझ्या आजोबांना आवडली असती, पारावर बुद्धिबळ मांडून बसायचे ते. फारसीत राजा म्हणजे शाह. बुद्धिबळात राजावर चाल आली की ‘शाह!’ म्हणायचं. तो शब्द अरबीतून जुन्या फ्रेंचमध्ये, तिथून इंग्रजीत गेला आणि ‘चेक’ झाला. राजाला अडवणं, मग कुणालाही अडवणं, मग अडवून तपासणं, मग तपासल्याची खूण. बँकेतला चेकही याच घरचा. आपण मात्र मधल्या भानगडीत पडलोच नाही, सरळ ‘शह’ म्हणतो आणि काटशह देतो.

टिकच्या आवाजी घराण्यातली आणखी एक नात तुमच्या घरी टीव्हीत राहते. १८६७ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड कॅलहान या माणसानं शेअरचे भाव तारेनं पाठवून कागदाच्या पट्टीवर छापणारं यंत्र काढलं. छापताना ते सारखं टिकटिक करायचं, म्हणून नाव पडलं ‘टिकर’. पुढे एडिसननं त्यात सुधारणा केली. १८८६ साली स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचं लोकार्पण झालं तेव्हा न्यूयॉर्कच्या कचेऱ्यांतल्या लोकांनी या कागदी पट्ट्या खिडकीतून मिरवणुकीवर उधळल्या. आता पडद्याच्या खाली बातम्या आणि भाव सरकत जातात त्या पट्टीलाही टिकरच म्हणतात, जरी ती तोंडातून अवाक्षर काढत नाही. दिवाळीनंतर कापसाच्या भावासाठी आपले कास्तकार ज्या पट्टीकडे डोळे लावून बसतात, तिच्या नावात एका जुन्या यंत्राची टिकटिक अडकून राहिली आहे. वायदेबाजारात भाव कमीत कमी जेवढा हलू शकतो त्या पावलालाही टिक म्हणतात. पुन्हा तेच, लहानात लहान.

बाकीचे भाऊबंद झटपट सांगतो. ‘एक टिक थांब’ म्हणजे क्षणभर थांब. कुणाला टिक-ऑफ केलं म्हणजे इंग्लंडमध्ये झापलं. अमेरिकेत तेच म्हणजे त्याला राग आणला. गाडी जागेवर नुसती चालू ठेवली की इंजिन टिक-ओव्हर होतंय. डोळा किंवा खांदा आपोआप उडतो त्या विकाराच्या ‘टिक’चं स्पेलिंग वेगळं आहे, त्याच्या शेवटी ‘के’ नसतो आणि तो फ्रेंचमधून आलाय. त्याला इथं पाहुणा म्हणून बसव, घरचा म्हणून नाही.

आता दुसरा गजानन. इंग्लंडमध्ये ‘ऑन टिक’ घेतलं म्हणजे उधारीवर घेतलं. हे ऐकलं की कुणीही म्हणेल, उघड आहे, किराणावाला वहीत नावापुढे टिक करत असणार. मीही काही वर्षं तेच शिकवलं. आपल्या गावातल्या दुकानात हेच तर बघितलं होतं: तेल, साखर, चहापत्ती, पुढे आकडा, आणि कापूस विकून पैसे दिले की त्यावर तिरपी रेघ. इतकं पटण्यासारखं की शब्दकोश उघडून बघावासा वाटला नाही. बघितला तेव्हा कळलं की उधारीची टिक सतराव्या शतकापासून आहे आणि खुणेची टिक एकोणिसाव्या. नातीच्या नावावरून आजीचं नाव कसं पडेल? ही टिक म्हणजे ‘टिकीट’ची शेपटी कापलेली. माल घेतला, किती देणं आहे त्याची चिठ्ठी लिहिली, ती चिठ्ठी म्हणजे टिकीट. ‘ऑन द टिकीट’चं ‘ऑन टिक’ झालं. आपण एसटीत ‘एक टिकीट दारव्हा’ म्हणतो तोच शब्द. त्याचं मूळ जुन्या फ्रेंचमधलं, अर्थ चिकटवलेली चिठ्ठी. ‘एटिकेट’ म्हणजे शिष्टाचार, हाही त्याच फ्रेंच शब्दाचा भाऊ. तिकीट आणि तमीज एका पोटचे.

पटतं म्हणून ते खरं असतं असं नाही, हे मला या एका शब्दानं चांगलंच शिकवलं. तेव्हापासून दोन शब्दांचं नातं लावण्याआधी मी आधी तारीख बघतो, म्हणजे कोणता अर्थ कधीपासून लिहिलेला सापडतो. आणि मग वाट बघतो, म्हणजे शब्द कुठल्या देशातून चालत आला. आवाज जुळणं सगळ्यात शेवटी.

तिसरी टिक तू कधी वापरणार नाहीस, पण मला ती सगळ्यात आवडते. गादीची खोळ, म्हणजे कापूस आत भरून शिवून टाकतात ती जाड पट्ट्यापट्ट्यांची पिशवी, तिला इंग्रजीत टिक म्हणतात आणि त्या कापडाला ‘टिकिंग’. हिचा आवाजाशी तसूभर संबंध नाही. हा शब्द डचांकडून आला, तिकडे लॅटिनमधल्या ‘थेका’वरून, आणि लॅटिनमध्ये ग्रीकमधल्या ‘थेके’वरून. अर्थ, काही ठेवायची पेटी किंवा म्यान. तालुक्याच्या रस्त्यावर ब्लाउज शिवणाऱ्या बाईनं दुकानावर ‘बुटीक’ अशी पाटी लावलीय ना, ते बुटीक याच ‘थेके’च्या घरातलं. आणि ‘थेके’च्या मुळाशी जे ‘ठेवणे’ अर्थाचं क्रियापद आहे, ते आणि संस्कृतमधला ‘धा’ धातू सख्खे आहेत. म्हणजे आपल्या ‘निधी’त तेच मूळ. आता बघ, आमदार निधी, बुटीक आणि गादीची खोळ, कुठं काही जुळतं का? कानाला अजिबात जुळत नाही, पण नातं पक्कं आहे. आणि वहीतली टिक नि गादीची टिक कानाला हुबेहूब एक, पण नात्यानं कुणी नाहीत.

आता तुझा रकाना. गोचिडाची टिक.

माझी आई संध्याकाळी दूध काढायच्या आधी गाईपाशी बसायची. डाव्या हातानं गाईचा कान उलटा करायची, आत केसांत बोट फिरवायची आणि फुगलेला गोचीड चिमटीत धरून सरळ ओढायची. मग कासेपाशी, मग शेपटीच्या मुळाशी. शेजारी खापरात निखारे असायचे, त्यात टाकला की ‘चट्’ असा आवाज व्हायचा. गाय डोळे मिटून उभी राहायची. पुढे कॉलेजात हा शब्द वाचला तेव्हा मला वाटलं, बरोबर आहे, निखाऱ्यावर टिक वाजतो म्हणून टिक. वर्गात एका पोरीनं याहून भारी सांगितलं होतं: “सर, ढोराच्या अंगावर टिकून राह्यते म्हनून टिक!” दोन्ही चुकीचं. इंग्रजांकडे हा शब्द हजार वर्षांहून जुना आहे, जुन्या इंग्रजीत तो ‘टिकिया’सारखा लिहिलेला सापडतो. जर्मन ‘त्सेके’, डच ‘टेक’, अर्थ तोच. फ्रेंचांनी ‘टीक’ घेतला तो जर्मन कुळातल्या भाषांकडूनच. म्हणजे घड्याळ यायच्या कितीतरी आधी हा गोठ्यात हजर होता.

गोचिडाच्या नावाची खरी गंमत इंग्रजीत नाही, लॅटिनमध्ये आहे. वावराच्या धुऱ्यावर एरंडी असते. तिचं एक बी घे आणि रक्त पिऊन तट्ट फुगलेल्या गोचिडाशेजारी ठेव. तोच लंबगोल आकार, तीच राखाडी-तपकिरी झाक, आणि बियाच्या टोकाला बारीक गाठ असते ती अगदी डोक्यासारखी. रोमन लोकांनाही ते दिसलं. लॅटिनमध्ये गोचिडाला ‘रिसिनस’ म्हणतात, आणि एरंडीचं शास्त्रीय नाव आहे ‘रिसिनस कम्युनिस’. आपण ज्याचं तेल काढतो त्या झाडाचं नाव गोचीड आहे. इथं कानाचं काही काम नव्हतं, डोळ्यानं नाव ठेवलं.

तुझ्या कामाचं म्हणून थोडं सांगतो, जरी ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. गोचीड हा कीटक नाही. पूर्ण वाढला की त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कोळ्याच्या बाजूचा. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच, म्हणून फसगत होते. गाईम्हशींवरची मादी रक्त पिऊन खाली पडते आणि गोठ्याच्या भेगांत दोन-तीन हजार अंडी घालून मरते. तेव्हा नुसत्या ढोराला औषध लावून भागत नाही, भिंतीच्या फटी लिंपाव्या लागतात. अमेरिकेत १८९३ साली स्मिथ आणि किलबोर्न या दोघांनी दाखवून दिलं की ढोरांना लाल लघवी होऊन मारणारा ताप गोचिडातून पसरतो. अंगावर राहणारा जीव रोग वाहून नेतो, हे तेव्हा पहिल्यांदा सिद्ध झालं. आणि गोचीड नखानं चिरडू नकोस, हातमोजे घाल. आपल्या आया चिमटीत धरायच्या, ते त्यांचं नशीब.

एक टीप शब्दकोशाची. मोठा इंग्रजी शब्दकोश उघडलास की एकच शब्द तीन-चार वेळा वेगवेगळा दिलेला दिसेल आणि प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक आकडा असेल, १, २, ३, ४. पोरं तो आकडा छपाईची चूक समजून सोडून देतात. तो आकडा म्हणजे वेगळा बाप. एकाच आकड्याखाली जे अर्थ आहेत ते सख्खे, दोन आकड्यांखालचे नुसते नामसाम्य. आणि ‘टी’नंतर लांब ‘ई’ असलेला ‘टीक’ दिसला तर तो आणखी निराळा, ते आपलं आलापल्लीचं सागवान. तो शब्द मल्याळममधल्या ‘तेक्कु’वरून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेला. तुझ्याच एका वर्गमित्रानं परीक्षेत ‘आमच्या जंगलात खूप गोचीड आहेत’ अशा अर्थाचं वाक्य लिहिलं होतं. त्याला सागवान म्हणायचं होतं. मी अर्धा गुण दिला, कारण वाक्य खोटं नव्हतं.

कागदाचं मी काय सांगू? खरं ते लिहून दे: रकान्याचा अर्थ उलगडला नाही, पुन्हा बघून भरते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज वाटायची तर ज्यानं वऱ्हाडातल्या गोठ्यात इंग्रजी तक्ता पाठवला त्याला वाटू दे.

(हे लिहून ठेवलं आणि दोन दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. तिनं घरोघर जाऊन कान उलटून बघितले. ४३ पैकी ११ जनावरांना गोचीड निघाले. नवा तक्ता आला, या खेपेला मराठीत: ‘गोचीड: आहे / नाही’. मी म्हटलं, मग आता काय अडचण? म्हणाली, “अडचन कायची सर, खाली लिवलं हाये, योग्य ठिकानी टिक करा.”)